भोईर सिस्टरांचा गूळ

आमच्या कंपनीत कुणाच्या छातीत भरून आलं की त्याला गुळाचा खडा द्यायची पद्धत होती. अंबरनाथच्या केमिकल पट्ट्यात नोकरी केलेल्याला यात नवल वाटणार नाही. ॲसिडचा वास नाकातोंडात गेला, खोकला आला, छाती जड झाली की माणूस म्हणायचा, "वास लागला." मग त्याला प्लँटबाहेर बदामाच्या झाडाखालच्या बाकावर बसवायचं, हातावर गूळ ठेवायचा, वर ग्लासभर पाणी. दहा मिनिटांत गडी परत कामावर. गुळानं खरंच काही व्हायचं की नाही देव जाणे. पण वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं, आणि चालत आलेल्या गोष्टीला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. मी तर ॲडमिनवाला. चाललंय ते चालू ठेवणं हेच माझं काम होतं.

तो गुळाचा डबा फर्स्ट-एड रूममध्ये असे, आणि फर्स्ट-एड रूम म्हणजे भोईर सिस्टर. बुटक्या, काटक, बदलापूर गावातल्या. रोज स्कूटरवरून यायच्या, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखाली तेल लावून चप्प बसवलेले केस. आवाज असा की कँटीनमध्ये चहा मागितला तर बॉयलरवाल्यानं वळून पाहावं. सगळ्यांना त्या आडनावानंच हाक मारायच्या, आणि आधी एक "ओ" लावायच्या. "ओ सुर्वे" म्हणजे मी. आमचे वर्क्स मॅनेजर राजे साहेब, त्यांना त्या "साहेब" म्हणायच्या खऱ्या, पण सूर असा की मास्तरीणबाई मागच्या बाकावरच्या पोराला उठवतेय.

माझं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. सकाळी मी गेटातून आत शिरलो की फर्स्ट-एड रूमच्या दारातून प्रश्न यायचा, "ओ सुर्वे, काल जिना कसा चढलात?"

पहिल्या वेळी मी म्हणालो, "पायांनी."

त्या हसल्या नाहीत. "मध्ये थांबलात का, ते विचारते. महिन्यापूर्वी थांबत नव्हतात आणि आता थांबताय, तर मला येऊन सांगायचं. लाजायचं नाही."

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. सिक्युरिटीवाल्याला, फिटरला, कँटीनच्या आचाऱ्याला, ऑडिटसाठी आलेल्या पाहुण्याला. आम्ही मागून त्यांना 'जिनाबाई' म्हणायचो. त्यांना माहीत होतं. एकदा म्हणाल्या, "म्हणा. माझं नाव विसरलात तरी चालेल, जिना विसरू नका."

दुसरी सवय हाताची. कुणी छातीची तक्रार घेऊन आला की आधी त्याला खुर्चीत बसवायचं आणि सांगायचं, "बोलू नका. कुठं होतंय ते हातानं दाखवा." कुणी एका बोटानं बरगडीजवळची जागा दाखवायचा, कुणी अख्खा पंजा छातीवर पसरायचा, कुणी मूठ वळून मधोमध ठेवायचा. मला एकदा समजावून सांगितलं होतं. "बोट दाखवणारा सुटला असं नाय हं, त्याला पण तपासायचंच. पण मूठ ठेवली ना, की मी त्याला खुर्चीवरून उठूच देत नाय. मुतायला पण नाय." मग त्यांची यादी सुरू व्हायची. हातात कळ येते का, जबड्यात येते का, पाठीत खांद्यांच्या मध्ये येते का, गार घाम आला का, मळमळतंय का, बसल्यावर थांबलं का. ही यादी मी इतक्या वेळा ऐकलीय की अजून झोपेत म्हणून दाखवीन.

हे सगळं त्यांना नर्सिंगच्या कॉलेजात शिकवलं असेल असं मी समजत होतो. शिकवलंही असेल. पण अंगी लागलं ते गणपत शेलारमुळे, हे मला नंतर कळलं.

गणपत आमच्या पॅकिंगमध्ये होता. वांगणीचा, हसरा, पन्नाशीच्या आतला. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो फर्स्ट-एड रूममध्ये आला आणि म्हणाला, "सिस्टर, वास लागलाय वाटतं." सिस्टर तेव्हा नोकरीत नवीन होत्या. त्या दिवशी शेजारच्या प्लँटमधून खरंच वास येत होता, सकाळपासून तीन माणसं येऊन गूळ घेऊन गेली होती. हा चौथा. सिस्टरांनी त्याच्या हातावर गूळ ठेवला, बाकावर बसवलं. पंधरा मिनिटांनी विचारलं, "बरं वाटतंय का?" तो म्हणाला, "हो." पुरुषमाणूस नाहीतरी दुसरं काय म्हणणार? त्याला त्यांनी कामावर परत पाठवलं. पॅकिंगच्या दारात तो कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

कुणी सिस्टरांना बोल लावला नाही. सगळ्यांनीच तेच केलं असतं. चौकशीत लिहिलं गेलं ते 'नैसर्गिक मृत्यू', आणि तो कागद टाइप मीच केला. पण गणपतची बायको त्याचा डबा आणि चष्मा न्यायला आली तेव्हा सिस्टरांना म्हणाली, "दोन दिवस जबडा दुखतो म्हनत व्हते. म्हटलं दात काढून घ्या." सिस्टरांना तिला सांगायचं होतं की तुमच्या माणसाला मी तपासलं नाही, गूळ दिला आणि परत पाठवला. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते एवढंच, "वहिनी, वेळेवर जेवत जा हो." त्यानंतर शेलारवहिनी कागदपत्रांसाठी तीनचारदा आल्या. दर वेळी सिस्टर त्यांना चहा पाजायच्या, बसस्टॉपपर्यंत सोडायला जायच्या आणि न सांगता परत यायच्या. पुढे येणं थांबलं. सांगायचं राहिलं ते राहिलंच, आणि ते सिस्टरांच्या उरावर बसलं.

हे मला त्यांनीच सांगितलं, एका संक्रांतीला. ऑफिसात तिळगूळ वाटत होते. सिस्टर दर वर्षी तिळगूळ घ्यायच्या आणि लगेच शेजारच्याच्या हातावर ठेवायच्या. मी चेष्टेनं म्हणालो, "काय सिस्टर, गोड बोलायचं नाही वाटतं आमच्याशी?" त्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि वर लिहिलं ते सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शेवटी म्हणाल्या, "तेव्हापासून गूळ घशाखाली उतरत नाय, सुर्वे." मी आपला हातातला लाडू तसाच खिशात टाकला.

गुळाचा डबा मात्र त्यांनी फेकला नव्हता. डबा तोच, आत गूळ नाही. आमच्या व्हिजिटिंग डॉक्टरांकडून लेखी घेऊन त्यांनी त्यात ॲस्पिरिनच्या गोळ्या ठेवल्या होत्या, कुणाला द्यायच्या आणि कुणाला द्यायच्या नाहीत याची चिठ्ठी होती, आणि ज्या दवाखान्यांत हृदयाचा डॉक्टर हमखास असतो त्यांची नावं. कामगार त्यालाही 'सिस्टरांचा गूळ'च म्हणायचे.

बाहेरही त्या सुटीवर नसायच्या. एकदा कामगारांच्या गणवेशाचं कापड बघायला आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनला गेलो होतो. दुकानदार सिंधी, वर्षानुवर्षांचा ओळखीचा. पंख्याखाली बसून घामानं निथळत होता, डावा दंड चोळत होता आणि सोडा पीत होता. मी भावाची घासाघीस सुरू केली. सिस्टरांचं लक्ष कापडाकडे नव्हतंच.

"सेठ, कब से?"

"अरे कुछ नहीं सिस्टर, गैस है. सुबह थान उठाया, हाथ में मोच आ गया."

"हाथ रख के दिखाओ, किधर भारी लगता है."

सेठनं सोड्याची बाटली खाली ठेवली आणि मूठ वळून छातीवर ठेवली. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या पाच मिनिटांत त्याचा मुलगा गल्ल्यावरून उठला होता, सेठ "धंधे का टाइम है" म्हणत रिक्षात होता आणि सिस्टर त्याच्या शेजारी. तो वाचला. आता कापड मोजता मोजता तोच गिऱ्हाइकाला विचारतो, "सीढ़ी चढ़ने में दम तो नहीं लगता?" गिऱ्हाइकं घाबरतात, म्हणून मुलगा वैतागलाय.

यानंतर सिस्टरांचा भाव फार वधारला, आणि मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी राजे साहेब केबिनमध्ये छाती चोळताना दिसले. सिस्टरांनी त्यांची एक सबब ऐकली नाही. मीटिंगला बाहेरून माणसं आलेली, त्यांच्यादेखत साहेबांना चाकाच्या खुर्चीत घालून कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. निघालं काय? आदल्या रात्री उल्हासनगरात एका लग्नात साहेबांनी सहा दाल-पक्वान, म्हणजे डाळीबरोबरच्या तळलेल्या कडक पुऱ्या, हाणले होते. कंपनीभर हसू झालं. कँटीनवाल्यानं दुसऱ्या दिवशी मुद्दाम डाळच केली.

सिस्टर साहेबांना भेटायला गेल्या. मी केबिनमध्येच होतो. त्या म्हणाल्या, "साहेब, चुकले मी. पण तुम्ही पायांनी चालत घरी गेलात. माझ्या चुकीचं असं हसू झालेलं मला दहा वेळा चालेल." साहेबांना ते चाललं नाही. त्याआधीही दोनदा गाडी उगाच गेली होती. साहेबांनी मला फर्मान लिहायला सांगितलं, आणि मी लिहिलं. यापुढे रुग्णासाठी गाडी ॲडमिन अधिकाऱ्याच्या सहीशिवाय सोडू नये. गाडीची किल्ली फर्स्ट-एड रूममधून माझ्या टेबलाच्या खणात आली. संध्याकाळी जाताना सिस्टरांनी फक्त विचारलं, "ओ सुर्वे, तुम्ही जेवायला किती वाजता जाता? म्हणजे मला कळलं पाहिजे, त्या वेळात कुणाला काय व्हायला नको."

नवरात्र होतं. सकाळी मी जिना चढत होतो तर पहिल्या मजल्याच्या वळणावर मंजूताई पायरीवर बसलेल्या, झाडू बाजूला. मंजूताई सफाईला यायच्या, कंत्राटावर. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून रोज चालत आणि मग टमटमनं. नऊ दिवसांचे उपास. मी म्हणालो, "काय मंजूताई, आज बसूनच?" त्या म्हणाल्या, "दमले साहेब." मी बाजूनं वर निघून गेलो. रोज जिन्यावरून टोकला जाणारा मी, जिन्यावर बसलेली बाई ओलांडून वर गेलो. याची लाज मला आजही वाटते.

अर्ध्या तासानं सिस्टरांचा फोन. "मंजूला दवाखान्यात न्यायचंय. गाडी."

"छातीत दुखतंय का तिच्या?"

"नाय."

"मग?"

"पाठीत दुखतंय. मळमळतंय. अंग गार घामानं भिजलंय. तीन दिवस झाडताना मध्ये मध्ये बसावं लागतंय तिला. बायकांच्या छातीत दुखेलच असं नसतं, सुर्वे."

"उपासामुळे असेल हो सिस्टर. आणि ती कंत्राटावरची, म्हणजे गाडीचं…"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं. सिस्टर दोन मजले धावत चढून माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. मी म्हणालो, साहेब मीटिंगमध्ये आहेत, एक मिनिट विचारतो. त्या या वेळी आवाज चढवून बोलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "गणपतला मी गूळ दिला होता. तुम्ही हिला काय देताय, सही?"

मी खण उघडून किल्ली दिली. दिली म्हणजे काय, माझी मूठ किल्लीवर मिटलेली होती, ती त्यांनीच उघडली आणि किल्ली काढून घेतली. मीही सोबत गेलो. दवाखान्यात काढलेला पहिला कार्डिओग्राम अगदी साफ आला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि मनात म्हटलं, झालं, पुन्हा दाल-पक्वान. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, थोड्या वेळानं परत काढा. आणि रक्त तपासा. तोवर आम्ही बसतो." डॉक्टर तरुण होता पण शहाणा. म्हणाला, "मलाही तिला सोडायचं नाहीये." दुसऱ्या कार्डिओग्रामवर हृदयाचा झटका दिसला. मंजूताई आज ठणठणीत आहेत, पाड्यावर नातवाला खेळवतात.

दुसऱ्या दिवशी मी राजे साहेबांकडे गेलो आणि जुनं फर्मान रद्द केल्याचं नवीन फर्मान पुढे ठेवलं. आयुष्यात कुणी न सांगता मी लिहिलेला हा एकमेव कागद. साहेबांनी सही करताना एवढंच विचारलं, "त्या पक्वानाचा उल्लेख कुठे फाईलला नाही ना?" नव्हता. किल्ली फर्स्ट-एड रूममध्ये डब्याशेजारच्या खिळ्यावर परत गेली.

गेल्या वर्षी सिस्टर रिटायर झाल्या. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, भाषणं. सगळं आटोपल्यावर माझ्या टेबलाशी आल्या. "ओ सुर्वे, रविवारी तुमची गाडी काढाल का? वांगणीला जायचंय."

"कुणाकडे?"

"शेलारांकडे."

रविवारी सकाळी निघालो. बदलापूर सोडल्यापासून सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. ज्या बाईनं बॉयलरवाल्याला कँटीनमधून हाक मारावी, ती मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. मध्येच ओठ हलायचे, काय बोलायचं त्याची उजळणी चालली असावी. मला त्यांची फार दया आली. वाटलं, म्हणावं, राहू द्या सिस्टर, इतक्या वर्षांनी कशाला. पण म्हटलं नाही.

वांगणीला स्टेशनच्या पलीकडे नव्या इमारती झाल्यात, त्यांच्या मागे जुनी वस्ती. शेलारवहिनी ओट्यावर बसल्या होत्या. थकल्या होत्या, पण ओळखलं लगेच. "या सिस्टर. उन्हाच्या आलात." आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या हातात तांब्या आणि बशी घेऊन. बशीत गुळाचा खडा.

पाहुण्याला गूळपाणी द्यायची रीतच आहे, त्यात वहिनींचं काही मनात नव्हतं. पण सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. बशीला हात न लावता त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. वास, तीन माणसं, चौथा गणपत, गूळ, बाक, "बरं वाटतंय का," आणि परत पाठवलं ते. "मी त्यांना साधा हात लावून पाहिला नाय, वहिनी. हे सांगायला तेव्हा धीर झाला नाय माझा."

शेलारवहिनींनी तांब्या सिस्टरांच्या जवळ सरकवला आणि म्हणाल्या, "मला ठाऊक व्हतं."

"काय?"

"दवाखान्यातून त्यांचे कपडे दिले ना, कंपनीचा शर्ट. त्याच्या खिशात गूळ व्हता. खाल्लाच नव्हता त्यांनी. मळमळत असंल. तुमाला बरं वाटावं म्हनून खाल्ला म्हनाले असतील." त्या जराशा हसल्या. "मानूस तसाच व्हता. घरी पन भाजी खारट झाली तरी सांगायचा नाय."

सिस्टरांनी पदरात तोंड लपवलं. मी ओट्यावरून उठून अंगणात गेलो. वहिनींचा आवाज मागून ऐकू आला, "राग आला व्हता मला. खोटं कशाला बोलू? दोन वर्सं आला. मग तुमी दर वेळी बसपर्यंत सोडायला यायच्या, ते आठवायचं. घ्या आता. नुसतं पानी पिऊ नये."

मी वळून पाहिलं. सिस्टरांनी बशीतला खडा उचलला, क्षणभर हातात धरला आणि तोंडात टाकला. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या. वर घोटभर पाणी प्यायल्या, नाक पुसलं, आणि तोंडात गूळ तसाच ठेवून विचारलं, "वहिनी, पाणी कुठनं आणता?"

"रस्त्याच्या नळावरनं."

"हंडा घेऊन येताना मध्ये टेकावं लागतं का?"

वहिनींनी रिकामी बशी उचलली. "पंधरा दिवस झाले. दोनदा टेकते. बसलं की जातं." आणि थोड्या वेळानं, "कालपासनं बसल्या बसल्या पन येतंय."

"काय येतंय? बोलू नका. हातानं दाखवा."

शेलारवहिनींनी हात वर केला, मूठ वळली आणि छातीच्या मधोमध ठेवली.

सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ओ सुर्वे, गाडी वळवून ठेवा." तोच कँटीनमधला आवाज.

आम्ही वेळेत पोचलो. वहिनींच्या हृदयाच्या एका नळीत स्प्रिंग बसवली, चार दिवसांनी त्या घरी आल्या, आणि आता त्यांचा हंडा शेजारची सून भरते. सिस्टरांशी माझं फोनवर बोलणं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या वांगणीच्या रविवारच्या सिस्टर. बदलापूरच्या रस्त्याला लागल्यावर मी आरशातून मागे पाहिलं. शेलारवहिनींचं डोकं सिस्टरांच्या खांद्यावर होतं. सिस्टरांची बोटं त्यांच्या मनगटावर होती, नजर घड्याळावर. गाल फुगलेला होता. तो गूळ त्यांनी अजून संपवला नव्हता.